बालवाडींतील सहजीवन



लहान मूल शाळेंतून घरीं आलें म्हणजे आपण त्याला पहिला प्रश्न विचारतों तो हा, कीं "आज काय शिकवलें?" प्रश्न प्रेमाचा असतो, परंतु साडेतीन वर्षांच्या जीवाला तो बिकट वाटतो. त्याच्या दृष्टीनें दिवसभरांत पुष्कळ कांहीं घडलेलें असतें. शेजारीं बसणाऱ्या मुलीची वेणी सुटली आणि बाईंनीं ती पुन्हां घातली. एका मुलानें आपल्या वाटींतला शिऱ्याचा घांस दुसऱ्याला देऊं केला आणि तो वाटेंतच सांडला. हात धुण्याच्या रांगेंत पुढें उभा असलेला एक थोराड मुलगा आपण होऊन बाजूला सरला आणि "तूं आधीं धू" असें म्हणाला. या साऱ्या गोष्टी सांगण्याजोग्या आहेत असें मुलाला मनापासून वाटतें. पण विचारणाराला त्या नको असतात. त्याला एखादें अक्षर हवें, एखादा अंक हवा, निदान एखादें इंग्रजी बडबडगीत तरी हवें. तें मुलाजवळ नसतें. मग तें "कांहीं नाहीं" असें म्हणून मोकळें होतें, आणि आपण फीच्या पावतीकडे पाहून सुस्कारा टाकतों.

या "कांहीं नाहीं" विषयीं आज चार शब्द बोलावे असें मीं योजिलें आहे. आरंभींच सांगून टाकतों कीं मी शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. सारा जन्म मीं कचेरींत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यांत घालविला. सेवानिवृत्त झाल्यावर आमच्या वसाहतींतील एका लहानशा बालवाडीच्या व्यवस्थापक मंडळावर मला घेण्यांत आलें, तें मला मुलांतलें कांहीं कळतें म्हणून नव्हे, तर जमाखर्च नीट राहील या आशेनें. कीर्दखतावणी पाहावयाला म्हणून मी सकाळीं तेथें जाऊन बसूं लागलों. वही पुढ्यांत असे, पण डोळे वहींत राहीनात. पुढें पुढें तर वही ही केवळ सबब उरली. जें दिसत होतें त्याचा अर्थ लावावा म्हणून उतारवयांत मीं कांहीं पुस्तकेंही वाचलीं. आजचें भाषण त्या दोहोंच्या आधारावर आहे.

शिशुशाळेची कल्पना आपल्याला नवी वाटते; पण ती दोनशें वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा जन्म श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत झालेला नाहीं. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क या गांवीं रॉबर्ट ओवेन नांवाच्या सूतगिरणीवाल्यानें १८१६ सालीं आपल्या कामगारांच्या मुलांसाठीं अशी शाळा उघडली. नुकतेंच चालूं लागलेलें मूलही तेथें घेत. शिक्षक म्हणून त्यानें नेमला तो जेम्स ब्युकॅनन नांवाचा एक विणकर. त्याची पुस्तकी विद्या बेताचीच, पण मुलांचा लोभ मोठा. मुलाला मारावयाचें नाहीं, त्याच्याशीं प्रसन्न मुद्रेनें बोलावयाचें, पुस्तकांचा जाच करावयाचा नाहीं, अशी मालकाची ताकीद होती. आणि मुलाला सांगावयाचें तें एवढेंच, कीं आपल्या सोबत्यांना सुखी करण्याचा होईल तितका यत्न कर.

पुढें ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं आपलें पहिलें "मुलांचें घर" उघडलें. माँटेसोरी म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें गुलाबी मनोरा आणि मण्यांच्या माळा येतात. त्या घराची मूळ हकीगत मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. मोडकळीस आलेल्या चाळी दुरुस्त करून भाड्यानें देणाऱ्या एका मंडळीला असें आढळून आलें, कीं आईबाप कामावर गेले म्हणजे मागें राहिलेलीं पोरें जिन्यांची आणि भिंतींची नासधूस करतात. तेव्हां त्यांना एका खोलींत गोळा करून सांभाळावें असें ठरलें. भिंतींच्या काळजींतून मुलांची काळजी निघाली म्हणावयाची! त्या घराची बाई त्याच चाळींत बिऱ्हाड करून राही. आईबापांकडून पैसा घेत नसत. पण मुलाला स्वच्छ करून पाठवावें आणि आईनें आठवड्यांतून एकदां तरी बाईंना भेटून मुलाविषयीं बोलावें, असे नियम भिंतीवर लावून ठेवलेले होते. माझ्यासारख्या हिशेबनिसाला यांत एक गोष्ट फार मोलाची वाटली. फी माफ होती, परंतु मोबदला माफ नव्हता. तो नाण्यांत न घेतां संबंधांत घेतला जात होता.

आपल्याकडे हा विचार रुजविणाऱ्यांत भावनगरचे गिजुभाई बधेका अग्रभागीं होते. वकिली सोडून ते शिक्षणाकडे वळले आणि १९२० सालीं त्यांनीं बालमंदिर सुरू केलें. त्या भरघोंस मिशांच्या गृहस्थाला गुजराती मंडळी कौतुकानें "मुछाळी मा", म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. राजकोटची मानाची जागा सोडून ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ निघाला, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईंत दादरला शिशुविहार सुरू केला. येथपर्यंतची कथा शहराची, पांढरपेशा घरांची आणि लांकडी साधनांची आहे. खरी कसोटी पुढेंच लागली.

१९४५ सालीं, पन्नाशी उलटून गेल्यावर, ताराबाई ठाणें जिल्ह्याच्या (आतांच्या पालघर जिल्ह्याच्या) समुद्रकांठीं असलेल्या बोर्डी या गांवीं गेल्या. त्यांच्यासमवेत पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ होत्या. बालपणीं लग्न होऊन अवघ्या कांहीं महिन्यांत वैधव्य आलेल्या, पण शिकून शिक्षिका झालेल्या या बाई. महात्मा गांधींनीं नव्या तालमेचें क्षेत्र नुकतेंच विस्तारलें होतें. शिक्षण सातव्या वर्षीं सुरू होत नाहीं, तें जन्मापासून सुरू होतें, असा विचार पुढें आला होता. पण खेड्यांत माँटेसोरीचीं परदेशी धर्तीचीं साधनें कोठून आणावयाचीं? बोर्डीला त्याचें उत्तर पायांखालीं सांपडलें. किनाऱ्यावरचे शिंपले, गारगोट्या, झाडांच्या बिया, पानें, माती यांचींच साधनें झालीं. लहानमोठें, जडहलकें, खरखरीत-गुळगुळीत हें सारें त्यांत होतेंच. विकत घ्यावें असें त्यांत कांहीं नव्हतें.

मला विशेष सांगावयाचें आहे तें याच्या पुढचें. गांवांत बालवाडी उघडली, तरी गांवाबाहेरच्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या वाड्यांतलीं मुलें तिकडे येईनात. दार सर्वांना उघडें होतें. परंतु उघडें दार आणि पाऊल टाकण्याचें धैर्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना उंबऱ्याबाहेर उभें केलें, त्यांच्या चार वर्षांच्या मुलालासुद्धां उंबरा म्हणजे काय तें कळत असतें. शिवाय घरांतलें धाकटें भावंड कोणीं सांभाळावयाचें, हा प्रश्न होताच. अशा वेळीं पुष्कळ संस्था अहवालांत "प्रतिसाद अल्प" असें लिहून स्वस्थ बसतात. ताराबाई आणि अनुताई यांनीं तसें केलें नाहीं. मुलें बालवाडींत येत नाहींत ना, मग बालवाडीनेंच मुलांकडे जावें, असें ठरवून त्या त्या वाड्यांतल्या अंगणांत गेल्या. अंगणांत भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

आज हा शब्द सरकारी फलकावर इतक्या वेळां दिसतो कीं त्यांतलें अंगण आपल्याला दिसेनासें झालें आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हां देशांत तिचे अवघे ३३ प्रकल्प होते. आज सुमारें चौदा लाख अंगणवाड्या देशभर आहेत. त्यांतल्या कितीकांना अंगण नाहीं, कितीकांना धड खोलीही नाहीं. पण तो वेगळा विषय झाला.

बोर्डीच्या अंगणांत दिवसाचा आरंभ अक्षरांनीं होत नसे. आधीं मुलांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, नखें कापावयाचीं. शहरांतल्या वाचकाला वाटतें, हा आरोग्याचा पाठ. तसा तो होताच. खरजेनें आणि उवांनीं गांजलेल्या मुलाला कविता शिकविण्यांत काय हंशील? परंतु सालाकडे लक्ष द्या. १९४५ सालीं ज्या मुलाची सावली अंगावर पडली तरी विटाळ मानणारीं माणसें त्या मुलखांत जिवंत होतीं, त्या मुलाचें डोकें शिकलेली बाई मांडीशीं घेऊन धूत होती. मूल त्या वेळीं कांहीं बोललें नसेल. तें बहुधा डोळ्यांत साबण गेला म्हणून रडलें असेल. तरीपण आपण कोण आहों, याविषयीं जगानें दिलेली माहिती आणि त्या हातानें दिलेली माहिती यांत कांहीं तरी विरोध आहे, हें त्याच्या कातडीला कळलें असलें पाहिजे. मुलाचें स्वास्थ्य म्हणून ज्याला आपण म्हणतों, त्याचा पाया मला तरी येथें दिसतो.

पुढें कांहीं वर्षांनीं हें काम तेथून जवळच असलेल्या कोसबादच्या टेकडीवर गेलें. तो वारल्यांचा मुलूख. येथें अडचण आणखी निराळी. सहासात वर्षांचा मुलगा गुरें घेऊन रानांत जाई, आणि त्याच वयाची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घर राखी. शाळेची घंटा त्यांच्यासाठीं वाजतच नव्हती. तेव्हां गुरांमागें शिक्षकानें जावें म्हणून कुरणशाळा निघाल्या. गुरें चरत आहेत आणि मुलें झाडाखालीं शिकत आहेत. मुलीसाठीं जी युक्ति केली ती तर मला अत्यंत साधी आणि म्हणूनच थोर वाटते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं तिन्ही एकाच आवारांत आणलीं आणि त्या आवाराला विकासवाडी म्हटलें. मुलीनें कडेवरचें मूल पाळणाघरांत ठेवावें, मधल्याला बालवाडींत सोडावें आणि आपण शाळेंत जाऊन बसावें. घर जसें एकत्र असतें तशी शाळा एकत्र केली. आपल्या खात्यांनीं मात्र पाळणा एकीकडे, बालवाडी दुसरीकडे आणि शाळा तिसरीकडे अशी वांटणी केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन वर्षांपासूनच्या मुलांना शिक्षणाच्या आंखणींत घेतलें, तेव्हां कागदावर तरी तीं भावंडें पुन्हां जवळ आलीं.

आतां बोर्डी-कोसबाद सोडून मी माझ्या वहीपाशीं येतों.

आमच्या बालवाडींत तीस मुलें. एक बाई, एक मदतनीस, दोन खोल्या आणि एक चिंचोळें अंगण. जून महिन्यांतला पहिला आठवडा म्हणजे नुसतें रडणें. मला आरंभीं वाटे, मुलें आईसाठीं रडतात. तें खरें, पण त्यांतला एक भाग निराळा असावा. पूर्वींच्या वाड्यांत किंवा चाळींत मूल जन्मल्यापासून पन्नास तोंडें पाहात असे. कोणाच्या घरीं जेवलें, कोणाच्या ओटीवर झोपलें, याचा हिशेब आईला लागत नसे. आजचें मूल दोन खोल्यांच्या घरांत आई, बाप आणि दूरध्वनीचा चकाकणारा तुकडा यांच्या सहवासांत तीन वर्षांचें होतें. त्या तिघांपैकीं त्याचें म्हणणें निमूटपणें ऐकणारा तिसराच! असें मूल एकदम एकोणतीस समवयस्कांत येऊन पडतें, आणि त्यांतल्या कोणालाही त्याच्या लहरीची पर्वा नसते. तें रडेल नाहीं तर काय करील?

बाईंची रीत मी पाहात असें. त्या रडणाऱ्याला गप्प करण्याच्या भरीस पडत नसत. त्याच्या हातांत कांहीं तरी काम देत: पाण्याचे पेले मांडणें, चटया उचलणें, कुंडीला पाणी घालणें. चौथ्या-पांचव्या दिवशीं असें होई कीं पेले मांडणारा मुलगा आला नाहीं तर बाकीचीं मुलें त्याची चौकशी करीत. आपली कोणाला तरी गरज आहे, ही गोष्ट कळली कीं रडें आपोआप थांबे. भांडणाचेंही तसेंच. अंगणांत तिचाकी सायकल एकच, मुलें तीस. दुसरी सायकल घ्यावी असा ठराव मीं एकदां मांडला, पैसेही शिल्लक होते. बाई म्हणाल्या, "साहेब, दुसरी घेतली तर मग हीं वाट कशाची पाहतील?" ठराव मागें घ्यावा लागला.

खाऊच्या बाबतींत मात्र मी पुरता हरलों. प्रत्येक मुलानें घरून डबा आणावा अशी चाल होती. एका डब्यांत काजू आणि परदेशी चॉकलेट, दुसऱ्यांत साखर-पोळी, तिसरा आईला उजाडतांच कामावर जावें लागतें म्हणून रिकामा. ज्याचा डबा साधा, तो झांकण अर्धें लावून त्याच्या आड खाई. तीन वर्षांच्या मुलानें लाज शिकावी आणि तीही अन्नाची, हें बाईंना सहन होईना. त्यांनीं डबे बंद करून सर्वांना एकच खाऊ देण्याचें सुचविलें: सोमवारीं मोडाची उसळ, मंगळवारीं केळें, बुधवारीं पोहे, गुरुवारीं शेंगदाण्याचा लाडू, शुक्रवारीं खिचडी. खर्च फार होईल म्हणून मीं जोरानें विरोध केला. पुढें वर्षाअखेर हिशेब केला तेव्हां प्रत्येक घराचा डब्यावरचा खर्च त्याहून जास्त होत असला पाहिजे असें दिसलें. कांहीं आया रागावल्या. आपलें मूल भाज्या खात नाहीं असें त्यांचें म्हणणें. तें मूल एकटें असतें तेव्हां खात नसे. तीस जणांच्या पंक्तींत तें दुसऱ्यांदा मागून घेई. पंक्तीचें हें सामर्थ्य आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतें. पण त्यांच्या पंक्तींत कोणाला बसूं द्यावयाचें नाहीं याचे नियमही तितकेच कडक होते, तेव्हां त्यांचे गोडवे फार गाऊं नयेत.

अन्नाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट घरीं करून पाहा. कागदाची अरुंद पट्टी साडेअकरा सेंटिमीटर लांब कापा आणि तिचीं टोकें जुळवून कडें करा. अंगणवाडीच्या सेविका सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलाचा दंड रंगीत पट्टीनें मोजतात. त्या दंडाचा घेर या कड्याहून कमी भरला तर तें मूल तीव्र कुपोषित धरतात. तें कडें हातांत घेतल्यावर आंकड्यांचा अर्थ समजूं लागतो. आपल्या घरांतल्या मुलाच्या दंडांत तें बहुधा चढणारही नाहीं. तें सहज चढून वर आणखी सैल राहतें अशीं मुलें आपल्याच राज्यांत आहेत, आणि त्यांच्यासाठीं शिजलेला एक घांस घेऊन बसणारी बाई म्हणजे ती सेविका.

सहजीवनाची किंमत मला पुरती कळली ती मात्र तें बंद पडल्यावर. २०२० च्या मार्च महिन्यांत महामारीमुळें शाळा मिटल्या, त्यांत बालवाड्या सर्वांआधीं मिटल्या आणि जवळजवळ दोन वर्षें मिटलेल्या राहिल्या. मोठीं मुलें पडद्यावर कांहीं तरी शिकलीं म्हणतात. चार वर्षांचें मूल पडद्यावर रांगेंत कसें उभें राहील? २०२२ सालीं पुन्हां दार उघडलें तेव्हां आलेलीं मुलें वयानें पांच वर्षांचीं होतीं, पण अंगणांत तीं दोन वर्षांच्या मुलांसारखीं वावरत होतीं. कित्येकांना अक्षरें येत होतीं, अंक येत होते, रंगांचीं इंग्रजी नांवें घडाघडा येत होतीं. येत नव्हतें तें एवढेंच, कीं चेंडू दुसऱ्याकडे टाकला म्हणजे तो परत येतो. एक मुलगा तर चेंडू पोटाशीं धरून कोपऱ्यांत बसला आणि घरीं जाण्याच्या वेळेपर्यंत उठला नाहीं. बाई त्याच्या शेजारीं दुसरा चेंडू घेऊन बसल्या. अकरा दिवस लागले. मीं वहींत ते मोजून ठेवले आहेत. अकराव्या दिवशीं त्यानें चेंडू सोडला, तोही हातभर अंतरावर, आणि लगेच त्यामागें धांवला.

बाईंची नजर हा आणखी एक विषय आहे. एखादें मूल सोमवारीं खाऊ खात नाहीं, मंगळवारीं चटईच्या कडेला बसतें, बुधवारीं मदतनिसाचा पदर सोडीत नाहीं. बाई आईला गाठून हळूच विचारीत. कधीं ताप निघे, कधीं कानांतला फोड निघे. एकदां वडिलांची नोकरी गेल्याचें निघालें. शेजारच्यांना ती बातमी महिन्यानंतर कळली. बाईंना ती मुलाच्या न खाल्लेल्या केळ्यानें कळविली होती. डॉक्टरांची तपासणी वर्षांतून दोन वेळां होते आणि तिचा खर्च वहींत पडतो. ही दुसरी तपासणी रोजची, आणि ती कोणत्या खात्यावर लिहावी हें मला आजवर ठरवितां आलेलें नाहीं. आईबाप बालवाडी निवडतांना भिंतीचा रंग पाहतात, खेळणीं पाहतात, संभाषण कोणत्या भाषेंत चालतें तें विचारतात. एका बाईंच्या नजरेखालीं मुलें किती, हें विचारणारे मला फार थोडे भेटले.

आतां जी गोष्ट सांगतों ती सांगावी कीं न सांगावी याचा मीं बराच विचार केला. परंतु बोर्डीच्या अंगणाविषयीं इतकें बोलून तीच गाळली तर माझ्या हिशेबांत लबाडी होईल.

महामारीच्या आधींची ही गोष्ट. आमच्या बालवाडीसमोर एका मोठ्या इमारतीचें बांधकाम चालू होतें. त्यावर काम करणारीं कुटुंबें तेथेंच पत्र्याच्या खोपटांत राहात. त्यांचीं पांचसहा लहान मुलें सकाळीं आमच्या कुंपणाच्या तारेशीं येऊन उभीं राहात. आंत बाई अभिनयगीत घेऊं लागल्या कीं बाहेरचीं मुलेंही हातवारे करीत. तीं एका क्षणानें मागें असत, कारण आधीं पाहावयाचें आणि मग करावयाचें. शब्द त्यांना नीट ऐकूं येत नसत, पण हातवारे आमच्या मुलांहून बिनचूक. महिन्याभरांत आंतल्या मुलांनीं त्यांतल्या दोघांचीं नांवेंही मिळविलीं आणि तारेतून पानांची देवघेव सुरू झाली.

बाईंनीं मंडळापुढें अर्ज केला, कीं या सहा मुलांना फी न घेतां आंत घ्यावें. सभा भरली. कोणीही वाईट बोललें नाहीं; आम्ही सारे सुशिक्षित. एकानें त्वचारोगाचा प्रश्न काढला, दुसऱ्यानें जागेचा. तिसऱ्यानें "पालकांच्या भावना" हा शब्द वापरला आणि चौथ्यानें तो उचलून धरला. मीं हिशेबाचा मुद्दा मांडला. सहा मुलांच्या खाऊचा खर्च अंदाजपत्रकांत नाहीं, तेव्हां पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांत तरतूद करून मग पाहावें, असें मीं म्हटलें; आणि माझ्या वयाला मान देऊन तेंच ठरलें. मला त्या संध्याकाळीं आपण मध्यम मार्ग काढला असें समाधानही वाटलें. बोर्डीचा इतिहास त्या वेळीं मला ठाऊक नव्हता, असें म्हणून सुटतां येईल. परंतु तार आणि तारेपलीकडचीं मुलें ठाऊक होतीं.

पुढील वर्षाचें अंदाजपत्रक मीं केलें. त्यांत सहा मुलांचा खाऊ, सहा चटया, सहा पेले अशी तरतूद चोख धरली. जून उजाडला तेव्हां समोरची इमारत पुरी झाली होती. खोपटें उठलीं होतीं. खालच्या मजल्यावर एक पेढी उघडण्याची तयारी चालली होती. तीं कुटुंबें कोठें गेलीं हें मुकादमालाही सांगतां आलें नाहीं. मूल तीन वर्षांचें एकदांच असतें, हें मीं अंदाजपत्रकांत धरलें नव्हतें.

बाई मला कांहीं बोलल्या नाहींत. तरतूद केलेले पैसे परत करावयाचे कीं काय, एवढेंच त्यांनीं विचारलें.

तीसांतल्या सहा जागा दर वर्षीं बिनफीच्या राखून ठेवाव्या असा ठराव मग आम्हीं केला, आणि यंदा-पुढील वर्षीं असें न करतां त्याच आठवड्यांत मुलें घेतलीं. त्यांतलीं दोन घरकाम करणाऱ्या बायांचीं, एक रखवालदाराचें, एक इस्त्रीवाल्याचें. दोन जागा भरावयाला बाई स्वतः रेल्वेपलीकडच्या वस्तींत गेल्या आणि एका घराच्या ओट्यावर तीन सकाळीं मुलांना खेळवून आल्या, तेव्हां चौथ्या सकाळीं तीं दोन्ही त्यांच्यामागोमाग आलीं. तीन घरांनीं आपलीं मुलें काढून दुसरीकडे घातलीं. त्यांतलें एक घर दिवाळीनंतर परत आलें. त्या आईनें कारण सांगितलें तें असें, कीं नव्या ठिकाणीं मुलगा खात नाहीं.

माझा नातू त्या वर्षीं तेथें होता. एके दिवशीं तो घरीं आला तेव्हां संवयीनें माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला. तो म्हणाला, "कांहीं नाहीं." मग पायांतले जोडे काढतां काढतां म्हणाला, "आजोबा, ती नवीन मुलगी आहे ना, तिला चटई गुंडाळतां येत नाहीं. मी एका बाजूनें धरतों." दुसऱ्या दिवशीं मी वही न घेतां गेलों. चटया गुंडाळण्याची वेळ सव्वा अकराची. ती मुलगी एका टोकाला आणि हा दुसऱ्या टोकाला अशीं दोघें ती गुंडाळीत होतीं, आणि दोन्ही टोकांनीं एकदम गुंडाळल्यामुळें ती मधोमध येऊन अडत होती. बाई दारांत उभ्या राहून पाहात होत्या. त्या पुढें झाल्या नाहींत, म्हणून मीही झालों नाहीं.